कथेतली बाई भांडत का नाही?

“तुम्हा लोकांचं एक बरं असतं. संघर्ष तुमच्याकडे तयारच असतो. आम्हाला तो शोधावा लागतो.”

हे वाक्य मी या दोन कानांनी ऐकलेलं आहे. २०१० सालची गोष्ट. कथालेखनाचं शिबिर होतं. बोलणारे सर मराठीचे निवृत्त प्राध्यापक. खादीचा झब्बा, मऊ आवाज, हेतू बिलकुल वाईट नाही. यांचा हेतू कधीच वाईट नसतो, हीच तर पंचाईत आहे. शिवी दिली असती तर उलट शिवी हासडून मोकळे झालो असतो.

फळ्यावर त्यांनी एक त्रिकोण काढला होता. फ्रायटाग नावाच्या जर्मन लेखकाने १८६३ साली पाच अंकी नाटकासाठी आखलेला. एका बाजूने चढण, वर टोक, दुसऱ्या बाजूने उतार. नाटकाचा त्रिकोण पुढे कथेला चिकटला, मग सिनेमाला, आता कुठल्याही शिबिरात जा, फळ्यावर तोच. त्याच्याखाली सरांनी यादी लिहिली. माणूस विरुद्ध निसर्ग. माणूस विरुद्ध समाज. माणूस विरुद्ध माणूस. माणूस विरुद्ध तो स्वतः. आम्ही मागच्या बाकावरच्या चौघांनी वहीत उतरवून घेतलं. मग ते ‘तयार संघर्षा’चं वाक्य आलं आणि वर्ग हसला. कौतुकाने हसला, बरं का.

चहाच्या वेळी आम्ही सरांचा जो उद्धार केला तो इथे छापण्यासारखा नाही. गिरणीला कापूस लागतो तशी यांच्या साहित्याला आमची वस्ती लागते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी १० माणसं मेली. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांग्यांच्या घरातली चौघं मारली. हे आमच्याकडे ‘तयार’ होतं? संघर्ष म्हणजे काय फडताळातलं लोणचं आहे, बरणी उघडली की पानात वाढलं?

हा राग खरा होता. आजही खरा आहे. पण त्या रागाचं मी काय केलं ते सांगायला बसलोय. मी घरी आलो आणि थोड्याच दिवसांत नेमकी तीच बरणी उघडली.

गोष्ट लिहिली. नायक चळवळीतला पोरगा. वस्तीवर बुलडोझर येणार. पत्रकं छापायचीत, पैसे नाहीत, प्रेसवाला उधारी ऐकत नाही. तेव्हा नायकाची आई गळ्यातलं डोरलं काढून त्याच्या हातावर ठेवते. एक शब्द बोलत नाही. पत्रकं निघतात, मोर्चा निघतो, लाठी पडते, पोरगा रक्तबंबाळ. शेवटी रस्त्यावर फाटलेलं पत्रक आणि त्यावर आईच्या डोळ्यातला थेंब. खलास. त्रिकोण बरोब्बर बसला. चढण, टोक, उतार. एका दिवाळी अंकाने छापली. पत्रं आली. एका सभेत वाचली तेव्हा पुढच्या रांगेतले म्हातारे रडले आणि मी घरी जाताना स्वतःवर खूश होतो.

आता खरं काय झालं होतं ते.

पैसे पत्रकांसाठी लागत नव्हते, आमच्या अनियतकालिकाच्या अंकासाठी लागत होते. ९००० रुपये. डोरलं नव्हतं, कानातले होते. आईचे नव्हते, माझ्या बायकोचे होते, तिच्या आईने लग्नात घातलेले. आणि कुणी काढून माझ्या हातावर ठेवले नव्हते. बायको महापालिकेच्या इस्पितळात आया आहे. ती नाईटला गेली होती. मी तिची पेटी उघडली, साड्यांच्या घडीखाली हात घातला, पुडी काढली आणि सकाळी ती घरी यायच्या आत पेढीवर गहाण टाकून आलो. याला मराठीत चोरी म्हणतात. बाबूराव बागुलांच्या नायकाने जात चोरली होती. मी बायकोचे कानातले चोरले आणि वर स्वतःला बागुलांचा वारस म्हणवत होतो.

आणि ती गप्प बसली नाही. तीन दिवस भांडली.

तेव्हा आम्ही बीडीडी चाळीत राहायचो. १६० चौरस फुटांची खोली, त्यात आम्ही दोघं, माझी आई, दोन पोरं. असल्या खोलीत भांडण म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला माहीत. दार लावलं की श्वास कोंडतो, दार उघडलं की अख्खा मजला सामील होतो. पहिल्या दिवशी ती ओरडली. दुसऱ्या दिवशी ती हळू बोलली, ते जास्त वाईट. हिशेब मांडला तिने. तिच्या पगारातून गेलेलं भाडं. माझ्या पुस्तकांचं कपाट जिथे उभं आहे तिथे दोन पोरं पाय पसरून झोपली असती ते. दर अंकाच्या वेळी घरात येऊन रात्री दोनपर्यंत ‘व्यवस्था’ उलथवणारे आम्ही आठ जण, त्या आठ जणांचा चहा, त्या चहाचं दूध, आणि दुसऱ्या दिवशी पोरांना दूध नाही. तिला हे सगळं तारीखवार पाठ होतं. मला आमच्या अंकांचे क्रमांक पाठ होते. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “तुमचा अंक वाचतं कोण? तुमीच आठ जण ना? आठ जणांसाठी माझे कान मोकळे केले?”

त्यावर मी हात उचलला.

हात उचलला पण लागला नाही, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. लागला होता.

दिवाळी अंक घरी आला तेव्हा तिनेच पोस्टमनकडून घेतला. ती सगळं वाचते. वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचते. माझी गोष्ट वाचली, अंक मिटला, भांडी घासली आणि मग म्हणाली, “चांगली हाय. पण ह्या बाईला तोंड नाय का?”

दोस्तांनो, या एका प्रश्नावर हा सगळा लेख उभा आहे. पटत नसेल तर इथेच पान उलटा.

मी भांडण का कापलं? लाज झाकायला कापलं म्हणावं तर तेवढंच नाही. लाज झाकायची तर कानातल्यांचा विषयच काढला नसता. मी दागिना ठेवला, त्याग ठेवला, डोळ्यातलं पाणी ठेवलं. फक्त तोंड काढून घेतलं. कारण तोंड असलेली बाई गोष्टीत आली की नायक बारीक होतो. मोर्च्यात छातीवर लाठी घेणारा पोरगा घरात चोर निघाला तर वाचणाऱ्याने कुणाकडून उभं राहायचं? मला वाचणारा माझ्याकडून हवा होता. म्हणून बायकोची आई केली आणि आईला मुकं केलं.

आणि ही मुकी आई मी आणली कुठून? आमच्या चाळीत तर एक बाई मुकी नव्हती. नळावर सकाळी पाच वाजता यायचं, म्हणजे कळेल. माझी स्वतःची आई सासूला, सावकाराला, वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाला आणि वेळप्रसंगी माझ्या बापाला पुरून उरलेली. ती मुकी आई मी शाळेतून आणली. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली आली, तेव्हापासून मराठी आई म्हटली की सोशिक, सात्त्विक, डोळे पुसणारी आणि मुलाला माफ करणारी. कोकणातल्या त्या ब्राह्मण घरातली आई उचलून मी तिला फाटकं लुगडं नेसवलं, हातात गोवरी दिली, आणि म्हणालो, ही घ्या दलित आई.

आमच्या आधीच्या पोरांनी १९६९ साली ‘सत्यकथे’चा अंक जाळला. बरोबर केलं. तिथे ‘कलात्मक ताण’ मोजून मापून मिळायचा आणि आमच्या जगण्याला आत यायला परवानगी लागायची. पुढे १९८२ साली ‘सत्यकथा’ आपोआप बंदही पडलं. पण अंक जाळताना कुणी स्वयंपाकघरात डोकावून बघितलं नाही. तिथे श्यामची आई तशीच बसलेली होती आणि आम्ही घरी येऊन तिच्याच हातचं जेवलो.

गेल्या चाळीसेक वर्षांत आपल्या कवितांमधून, गोष्टींमधून ज्या ‘माय’ आल्या त्यांच्याकडे एकदा बघा. धुराने लाल झालेले डोळे, ठिगळाचा पदर, भेगाळलेली टाच, भाकरीचा चतकोर पोराला आणि आपण पाणी. माझ्याच पाच कविता आहेत असल्या. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. भुकेचं ते सगळं खरं आहे. पण त्या बाईने त्या चतकोरावरून नवऱ्याला काय सुनावलं ते कुठाय? निम्म्या कवितांत तर ती मेलेली आहे. मेलेली आई उलटून बोलत नाही, म्हणून ती कवीला सोयीची. रमाईचंही आपण तेच केलं. गोवऱ्या थापणारी, उपाशी, वाट बघणारी. रमाईच्या दुःखाची गाणी रात्रभर लावायची आणि घरातल्या बाईने सकाळी ड्युटीवरून येऊन पुन्हा चूल पेटवायची.

आता कुणी म्हणेल, काळच तसा होता, बाईला तोंड देणं लेखकाला सुचणार कसं? सुचलं होतं. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ सालचं. त्याच बागुलांची ‘आई’ नावाची कथा वाचा. वर्गात मास्तर आईवरची कविता शिकवतायत आणि बाकावर झोपडपट्टीतल्या विधवेचा पोरगा बसलाय. कवितेतली आई एक आणि घरातली दुसरी. घरातल्या आईला नवऱ्याने संशयाने छळलं, तो मेला, आणि आता तिला जगायचंय. तिला पुरुषही हवाय. पोराला आई फक्त आई हवी, तिला बाईही व्हायचंय. दोघांचंही खरं आहे, आणि दोघांचं एकदम होऊ शकत नाही. पोरगा पळत सुटतो. बागुलांनी तिला माफीही मागायला लावली नाही आणि देव्हाऱ्यातही बसवलं नाही. एका माणसाने हे इतक्या वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आणि आम्ही त्यांचा फोटो लावून मागे गेलो. थेट श्यामच्या घरापर्यंत.

दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये १९७८ साली निदान स्वतःला दोन केलं. दया पवार ऐकतोय आणि दगडू मारुती पवार सांगतोय. सई, तिच्यावर घेतलेला संशय, मोडलेला संसार, हे दगडूने सांगून टाकलं. तेव्हा आपल्यातलेच शिकलेले लोक नाक मुरडत होते, हा उकिरडा कशाला उपसता म्हणून. पण एक बघा. तिथेही सांगणारा तोच आणि ऐकणाराही तोच. सई तिसरी, आणि तिला बोलायची पाळी नाही.

बायांनी मग स्वतःच पाळी घेतली. मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ साली आलं. बाई तेव्हा २७ वर्षांची. शाहिराची मुलगी, ‘गोलपिठा’च्या कवीची बायको. नामदेव ढसाळांच्या कवितेने मराठीचं थोबाड फोडलं हे मी मान्य करतो, माझी निम्मी भाषा तिथूनच आलीय. पण त्या घरात काय चाललं होतं ते त्या बाईने लिहिलं, मारहाणीसकट. ते पुस्तक आपल्या अभ्यासवर्गात कधी लावलं? मी १५ वर्षं अभ्यासवर्ग घेतोय. नाही लावलं. ‘गोलपिठा’ दरवर्षी लावला.

फलटणच्या बेबीताई कांबळे. छोटं किराणा दुकान चालवायच्या, मालाबरोबर येणाऱ्या रद्दीचे कागद वाचायच्या आणि लिहायच्या. लिहिलेलं नवऱ्यापासून, मुलापासून लपवून ठेवलं. २० वर्षं! शेवटी ते ‘स्त्री’ मासिकातून आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. त्यात महारवाडा आहे, सुनेला होणारा जाच आहे, पायातला खोडा आहे, बाबासाहेबांचं येणं आहे. पण त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याचा हात त्यात जवळजवळ नाही. तो त्यांनी सांगितला तो २००८ साली, इंग्रजी भाषांतराला जोडलेल्या मुलाखतीत. म्हणजे मराठी पुस्तक निघाल्यावर २२ वर्षांनी, आणि तेही इंग्रजीत! मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा आमच्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघितलं. त्या कपाटाच्या वर माझ्या हस्तलिखितांची चवड उघडी पडलेली असायची. मला ती कुणापासून लपवावी लागली नाही. उलट पोरांनी हात लावला तर मी ओरडायचो.

उर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३ चं. आईचं आयदान विणणं आणि आपलं लिहिणं एकाच विणीचं, असं म्हणणारी बाई. पण घरात नवऱ्याला तिचं शिकणं, सभेला जाणं, लिहिणं टोचत होतं. तो चळवळीच्या विरोधातला माणूस नव्हता, नोकरीवाला, शिकलेला, आपल्यातलाच. तोही साधा, मीही साधा. ही सगळी साधी माणसंच आहेत हो. पोराच्या वाढदिवसाला केक आणणारी.

आता ठरलेला आक्षेप येणार. मला तो तोंडपाठ आहे कारण तो मीच पुष्कळदा घेतलाय. ‘घरातली भांडणं चव्हाट्यावर आणू नका. शत्रूच्या हातात कोलीत देऊ नका.’

शत्रू तर टपलेलाच आहे. ‘बघा, बाहेर समतेच्या गप्पा आणि घरी बायकोला मारतात,’ असं म्हणायला सदाशिवपेठी समीक्षक पान उघडून बसलाय. त्याला माझं सांगणं असं की साहेब, तुमच्या घराला दारं आहेत. आमच्या १६० फुटांना दार एकच, तेही जिन्यावर उघडतं. आमच्याकडचं भांडण झालं की ती मारहाण, तुमच्याकडचं झालं की ती नात्यांची गुंतागुंत. तिच्यावर कादंबरी होते, तिला पुरस्कार मिळतो, ‘दांपत्यजीवनातील तरल ताण’ म्हणून परीक्षण येतं. टॉलस्टॉय तर सगळ्यांना मान्य ना? त्याची ‘क्रॉयट्झर सोनाटा’ १८८९ ची, लग्न, वासना आणि बायकोचा खून. बायकोला, सोफियाला, ती जिव्हारी लागली. तरी सेन्सॉरने अडवलेली ती गोष्ट छापायची परवानगी मागायला १८९१ साली झारपुढे जाऊन उभी राहिली तीच. ‘युद्ध आणि शांती’ हाताने पुन्हा पुन्हा उतरवून काढणारीही तीच. आणि तिने उत्तरादाखल ‘दोष कोणाचा?’ ही गोष्ट लिहिली ती छापली गेली १९९४ साली, शंभर वर्षांनी. ८२ वर्षांचा म्हातारा १९१० साली रात्री घर सोडून गेला आणि एका रेल्वे स्टेशनात मेला, त्याला जग शोकांतिका म्हणतं. तिच्या शंभर वर्षांना काय म्हणतात ते मात्र फळ्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

पण हे शत्रूला उत्तर झालं. आपल्याला उत्तर वेगळं आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. तेव्हा कोलीत-बिलीत म्हणणारे सत्यशोधकांतही होतेच. जोतीरावांनी काय केलं? १८८५ च्या ‘सत्सारा’त ते ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. आपल्याच चळवळीतल्या माणसाला सुनावलं. त्यांना वाटलं नाही की यात चळवळीचं नुकसान आहे. आणि बाबासाहेब? २० जुलै १९४२, नागपूर, बायांची परिषद. लग्न करणाऱ्या प्रत्येक मुलीने नवऱ्याच्या बरोबरीने उभं राहावं, त्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून हक्क सांगावा, त्याची गुलाम व्हायला नकार द्यावा, असं त्यांनी सांगितलं. हिंदू कोड बिलाचं जे केलं गेलं त्यानंतर १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. म्हणजे बाईने नवऱ्याला नकार देणं हा आपल्या चळवळीचा अधिकृत कार्यक्रम आहे, मधल्या सुट्टीतला विषय नव्हे. माझी बायको त्या तीन दिवसांत कार्यक्रम राबवत होती. मी अंक काढत होतो.

शिबिरातल्या त्या यादीकडे पुन्हा येतो. माणूस विरुद्ध अमुक, माणूस विरुद्ध तमुक. मराठीत माणूस म्हणजे पुरुषच. बाई असली तर तसं जोडून सांगावं लागतं, बाईमाणूस. यादीत बाईमाणूस कुठल्याच बाजूला नव्हता. आणि आम्ही मागच्या बाकावरचे चौघे क्रांतिकारक, आम्हालाही तो हुकलेला दिसला नाही. सरांनी आमच्यावर हसावं आणि आम्ही सरांवर चिडावं, पण यादी दोघांचीही एकच.

कथेच्या कामाचं म्हणून एवढं सांगतो, कारण तुमच्यातले कितीतरी जण लिहितात आणि मला गोष्टी पाठवतात. सरपंच आणि नायक यांचं भांडण लिहिताना लिहिणाऱ्याला प्रश्न पडत नाही. सरपंच चूक, विषय संपला. ती गोष्ट लिहायलाच हवी, अत्याचार होतोय तोवर लिहायलाच हवी, मी ते सोडा म्हणत नाही. पण तिथे वाचणाऱ्याला कुठे उभं राहायचं ते आधीच माहीत असतं. कानातल्यांच्या भांडणात तसं नाही. अंक निघायला हवाच होता. त्या अंकात वस्तीतल्या दोन पोरांचं पहिलं लिखाण होतं, दुसरं कुणी ते छापलं नसतं. आणि कानातले तिचे होते, तिच्या आईची तेवढीच आठवण. मी चूक होतो, पण माझ्याकडे कारण होतं, आणि कारण असणारा माणूसच जास्त धोकादायक. इथे गोष्टीला धार येते. त्या धारेवर माझा हात कापतो म्हणून मी ती मोर्च्यात नेऊन बोथट केली. लाठी बसली की वाचणारा रडतो. रडला की तो प्रश्न विचारत नाही.

आणि हा काही माझ्या एकट्याचा घरगुती मामला नाही. आपली अनियतकालिकं, आपली पत्रकं, आपल्या बैठका, जामिनाचे पैसे, पोस्टाची तिकिटं, हे सगळं कुणाच्या पगारातून आलं? कुणी भांडी घासून, कुणी वॉर्डातल्या बेडपॅन उचलून, कुणी खाडे न करता. अंकाच्या दुसऱ्या पानावर संपादक असतो, सल्लागार असतात, मुद्रक असतो, मुखपृष्ठ कुणाचं ते असतं. कान कुणाचे ते छापलेलं मी अजून बघितलं नाही.

मी ती गोष्ट पुन्हा लिहिली. चोरी ठेवली, तीन दिवस ठेवले, हात ठेवला. ज्या दिवाळी अंकाने पहिली छापली होती त्याच्या संपादकांकडे पाठवली. फोन आला. म्हणाले, ताकद आहे, पण मधलं भांडण फार लांबलंय, दीड पानात आटोपा, आणि शेवटी नायकाला पश्चात्ताप होतोय असं दाखवा, मग उठाव येईल. पुन्हा त्रिकोण. मी परत मागवली.

बायकोला हे सांगितलं. वाटलं होतं बरं म्हणेल. पोळीचं पीठ मळत होती. म्हणाली, “आता हे पण लिवा. चोरी केली ते लिवा, मारलं ते लिवा. लोकं म्हणतील काय मोठा माणूस, सगळं कबूल केलं. पुन्हा नाव तुमचंच. माझे कानातले अजून पेढीवरच हायत.”

खरं आहे. व्याज भरत राहिलो, मग तेही भरलं नाही, आणि ते गेले. पेढीवर आता नाहीतच, हे तिला मी तेव्हाही सांगितलं नव्हतं. हा लेख छापून आला की तिला कळेल, कारण पोस्टमनकडून अंक तीच घेते. म्हणून हा मजकूर पाठवायच्या आधी, काल रात्री, मी तिला ते तोंडाने सांगितलं. त्यावर ती काय बोलली ते मी इथे देणार नाही. ते तिचं आहे. तिला लिहायचं तर ती लिहील, नाही लिहायचं तर नाही, आणि ती लिहील असं मी जाहीर करून टाकणं हीही पुन्हा माझीच हौस होईल.

संपादक मंडळातल्या मित्रांनो, गोष्ट सोबत जोडली आहे. २२ पानं आहेत, पैकी ९ पानं भांडण. पश्चात्ताप नाही. याच अंकात छापा नाहीतर पुढच्या. एक ओळ कापलीत तर परत पाठवा, पोस्टाचं तिकीट लावून पाकीट दिलंय. मानधन तुम्ही देत नाही हे मला ठाऊक आहे, मीही कुणाला दिलेलं नाही. पण अंकाची बैठक यापुढे माझ्याकडे होणार नाही. ती कुणाच्या घरी घ्यायची ते ठरवताना त्या घरातल्या बाईला आधी विचारा, आणि दूध येताना घेऊन या.